रंगाची उधारी

पांढऱ्या सुताची लड प्रथम एका हौदात बुडविली जाते. त्या हौदात कॉस्टिकच्या पाण्यात विरघळविलेले नॅप्थॉल असते. लड बाहेर येते तेव्हा ती जवळजवळ पांढरीच, फार तर किंचित पिवळसर दिसते. पिळून ती दुसऱ्या हौदात टाकली की क्षणार्धात लालभडक होते. नवख्या माणसाला हा जादूचा प्रयोग वाटावा. रंगाऱ्याला त्याचे काहीच नवल नसते. येथे रंग बाहेरून चढत नाही. दोन रसायने धाग्याच्या पोटात एकमेकांना भेटतात आणि रंग तेथेच जन्माला येतो, म्हणूनच तो धुण्याने उतरत नाही. सुती धाग्यावर पक्का लाल, पक्का मरून चढविण्यासाठी देशभरच्या हातमाग व यंत्रमाग केंद्रांत ही पद्धत दीर्घकाळ चालत आली.

सोलापूरचे नाव चादरीने आणि टॉवेलने देशभर नेले. २००५-०६ या वर्षात सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने माग उभे केले, अक्कलकोट रस्त्यावर औद्योगिक वसाहत झाली आणि या सर्वांभोवती व्यापाऱ्यांची एक साखळी गुंफली गेली. कोणी सूत विकतो, कोणी रंग आणि रसायने, कोणी तयार माल उचलून परगावी पाठवितो, कोणी हुंडी वटवून भांडवल पुरवितो. या मासिकाच्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे या साखळीच्या कोणत्या ना कोणत्या कडीत आहेत. म्हणून त्या दुसऱ्या हौदात नेमके काय असते, हा प्रश्न केवळ रंगाऱ्याचा राहत नाही.

दुसऱ्या हौदातील पदार्थाला बाजारात ‘बेस’ म्हणतात. तो आम्लात कालवून, त्यात सोडियम नायट्राइट घालून, थंड ठेवून वापरतात. हा बेस म्हणजे ॲरोमॅटिक अमाइन या कुळातील रसायन होय. या कुळातील सर्वच रसायने सारखी घातक नाहीत. काही तुलनेने निरुपद्रवी, काही अत्यंत वाईट. ज्यांची नावे जुन्या रंगाऱ्यांच्या तोंडी आहेत त्यांपैकी फास्ट गार्नेट जीबीसी, फास्ट स्कार्लेट जी आणि फास्ट रेड टीआर हे तीन बेस युरोपने कापडात मनाई केलेल्या अमाइनांच्या यादीत नावानिशी आहेत. तयार रंगात अमाइन निदान रेणूच्या आत बांधलेले तरी असते. नॅप्थॉलच्या पद्धतीत मात्र ते मोकळेच हाताळले जाते. पिंपातून पळीने काढले जाते, काट्यावर तोलले जाते, बादलीत ढवळले जाते. त्याची भुकटी हवेत उडते आणि त्याचे द्रावण उघड्या कातडीवर बसते. अशी अमाइने कातडीतूनही रक्तात जातात, ही गोष्ट रंग विकणाऱ्या आणि वापरणाऱ्या, दोघांनीही प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. नाकावर रुमाल बांधला म्हणजे झाले, ही समजूत त्या एका वस्तुस्थितीपुढे टिकत नाही.

रक्तातून हे पदार्थ यकृतात जातात, तेथे त्यांचे रूप पालटते आणि ते मूत्रावाटे बाहेर पडू लागतात. मूत्राशयात ते काही तास थांबतात. रोजचे काही तास, वर्षातले तीनशे दिवस. मूत्राशयाच्या अस्तरातील पेशींवर त्यांचा हल्ला होतो तो तेथे. त्यातून होणारा कर्करोग दिसून येण्यास साधारण वीस वर्षे लागतात. कधी दहा, कधी तीस-चाळीसही. विषयाचे सारे गांभीर्य या आकड्यात आहे. कॉस्टिकने हात भाजला तर त्याच क्षणी कळते. ब्लीचिंगच्या द्रावणात चुकून आम्ल पडले तर क्लोरिन वायू उठतो, माणसे खोकत बाहेर धावतात आणि ती चूक पुन्हा होत नाही. बेसच्या भुकटीचे तसे नाही. ती खोकला आणत नाही, जळजळ करीत नाही, डोळ्यांना झोंबेलच असेही नाही. ती उधारीवर काम करते.

व्यापाऱ्याला उधारीचे हिशेब सांगावे लागत नाहीत. परंतु ही उधारी कोणत्याच खतावणीत चढत नाही. रंगशाळेसाठी कर्ज काढताना जो प्रकल्प अहवाल जोडला जातो त्यात यंत्राचा घसारा असतो, मालाचा आगीचा विमा असतो, बुडीत येण्याची तरतूद असते. मोटर दहा वर्षांत झिजेल हे गृहीत धरून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढली जाते. मोटरीशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या झिजेसाठी मात्र रकानाच नसतो. लेखाशास्त्रात ‘संभाव्य देयता’ म्हणून एक संज्ञा आहे: जे देणे आज निश्चित नाही, पण उद्या अंगावर येऊ शकते, ते ताळेबंदाखाली टीप देऊन नोंदवावे असा दंडक आहे. न्यायालयातील दावा तेथे येतो, दिलेली हमी येते. वीस वर्षांपूर्वी भुकटीत हात घातलेल्या माणसाचे मूत्राशय तेथे कधीही आलेले नाही.

हे सारे अलीकडे समजले आहे काय? तसे म्हणण्याची सोय नाही. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरापासून पहिला जांभळा कृत्रिम रंग बनविला आणि पुढील चाळीस वर्षांत जर्मनीत रंगांचे प्रचंड कारखाने उभे राहिले. १८८४ मध्ये काँगो रेड हा रंग निघाला. सुती कापडावर रंग धरण्यासाठी त्याला तुरटीसारख्या मध्यस्थाची गरज नव्हती. उकळत्या पाण्यात रंग आणि मीठ टाकले की काम झाले. सुती धाग्यावर जगणाऱ्या साऱ्या गावांना ही पर्वणीच होती. काँगो रेड आणि त्याच्यामागून आलेली ‘डायरेक्ट’ रंगांची मोठी फौज ज्या रसायनावर उभी होती त्याचे नाव बेंझिडीन. स्वस्त, सोपे आणि सगळ्या छटा देणारे.

१८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी जर्मन शल्यविशारदांच्या सभेत एक छोटे निवेदन केले. फुक्सिन हा किरमिजी रंग बनविणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात त्यांना गाठी आढळल्या होत्या. मूत्राशयाचा कर्करोग इतका सर्रास होणारा आजार नव्हे. एकाच खात्यात तिघे, हा योगायोग असू शकत नाही असे त्यांनी मांडले. (हेच रेन दुसऱ्या वर्षी, १८९६ मध्ये, माणसाच्या धडधडत्या हृदयाला यशस्वीपणे टाका घालणारे पहिले शल्यविशारद ठरले. जग त्यांना त्या टाक्यासाठी ओळखते. कामगारांच्या वाट्याची त्यांची कामगिरी त्यामानाने विस्मृतीत गेली.) १९२१ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ॲनिलीनच्या कारखान्यांतील मूत्राशयाच्या कर्करोगावर स्वतंत्र अहवाल काढला. म्हणजे सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे जोरात वाजत होते त्या काळातच ही माहिती छापील रूपात उपलब्ध होती. ती रंगाच्या डब्याबरोबर आली नाही, इतकेच.

रंग बनविणाऱ्याला धोका असेल, वापरणाऱ्याला कसला, असा प्रश्न व्यापारी हमखास विचारतात. त्याचे उत्तर जपानमधील क्योटो शहरात मिळते. तेथे रेशमी किमोनोवर हाताने चित्रे रंगविणाऱ्या कारागिरांची परंपरा आहे. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांतून ओढण्याची त्यांच्यापैकी अनेकांना सवय होती. १९७० च्या सुमारास तेथील डॉक्टरांनी या कारागिरांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले असल्याचे दाखवून दिले. हे लोक रंगाच्या कारखान्यात कधीही गेलेले नव्हते. ते फक्त रंग वापरीत होते, आणि तोही हौदाने नव्हे, वाटीने.

सोलापुरात कुंचला ओठाला लावण्याची रीत नाही. पण तळहातावर तंबाखू घेऊन, चुना लावून, अंगठ्याने मळून ती गालात ठेवण्याची आहे. रंगाच्या हौदाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तळहातावर ती मळली जाते तेव्हा तंबाखू, चुना आणि बेस हे तिन्ही एकत्र तोंडात जातात. तंबाखूचा येथे दुहेरी संबंध आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे एकटे कारण धूम्रपान हेच आहे आणि बिडीच्या धुरातही याच कुळातील अमाइने असतात. परिणाम असा होतो की रुग्ण डॉक्टरांकडे गेला, बिडी ओढतो म्हणाला, की शोध तेथेच थांबतो. त्याचा व्यवसाय कोणता होता, तीस वर्षांपूर्वी तो कोणत्या खात्यात होता, हे कोणी विचारीत नाही. बिडीचा दोष खराच. पण ज्याच्या अंगावर आधीच एक कर्ज आहे त्याला दुसरे कर्ज देणारा सावकार निर्दोष ठरत नाही.

अहमदाबादेत राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. १९९० च्या दशकात तेथील संशोधकांनी परदेशी संशोधकांच्या साहाय्याने रंग उद्योगातील कामगारांची तपासणी केली. बेंझिडीन बनविणारे आणि बेंझिडीनपासून झालेला काळा रंग हाताळणारे, अशा दोन्ही गटांत मूत्रातून बाहेर पडणाऱ्या पेशींच्या जनुकद्रव्याला ते रसायन चिकटलेले आढळले. रेणूत ‘बांधलेले’ बेंझिडीन शरीरात गेल्यावर पुन्हा सुटे होते, याचा तो भारतीय माणसांच्या शरीरांतला पुरावा. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिडीन आणि शरीरात ज्यांचे बेंझिडीन होते असे रंग, या दोहोंना माणसास निश्चित कर्करोगकारक अशा पहिल्या वर्गात ठेवले आहे.

आता कायद्याची गंमत पाहावी. गंमत हा शब्द येथे कडवटपणे वापरावा लागतो. भारत सरकारने १९९३ पासून बेंझिडीनवर आधारित ४२ रंगांच्या हाताळणीस मनाई केली. १९९४ मध्ये जर्मनीने ठरावीक अमाइने सोडणाऱ्या ॲझो रंगांच्या कापडास बंदी घातली. ही बातमी आली तेव्हा निर्यातदारांचे धाबे दणाणले, कारण जर्मनी हे भारतीय सुती मालाचे मोठे गिऱ्हाईक. १९९७ मध्ये भारताने आणखी ७० ॲझो रंगांच्या हाताळणीस मनाई केली. दोन्ही मिळून ११२. पुढे साऱ्या युरोपने २२ अमाइनांची यादी करून एक किलो कापडात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या टॉवेलचा तुकडा प्रयोगशाळेत जातो, त्यातील अमाइन मोजले जाते, प्रमाणपत्र मिळते, मगच कंटेनर हलतो. त्याचा खर्च निर्यातदार विनातक्रार सोसतो, कारण प्रमाणपत्र नसेल तर माल परत येतो.

हे सर्व योग्यच झाले. हँबुर्गमधील बाईने अंग पुसलेला टॉवेल तिच्या कातडीला निर्धोक असला पाहिजे. परंतु तो टॉवेल रंगविणाऱ्या माणसाचे हात त्या रंगात कोपरापर्यंत बुडालेले असतात, आणि त्याच्या मूत्राची साधी तपासणी वर्षातून एकदाही होत नाही. मालाचा नमुना तपासला जातो, माणसाचा नाही. दोन तपासण्यांच्या खर्चात फारसे अंतर नाही. अंतर आहे ते इतकेच की पहिल्या तपासणीवाचून पैसे अडतात.

निर्यातीच्या मालाबाबत धाक आहे. स्थानिक बाजाराच्या मालाबाबत तोही नाही. बंदी रंगाच्या रासायनिक घडणीवर आहे, बाजारातील नावावर नाही, आणि बाजारात एका रंगाला दहा नावे असतात. कंपनीचे पंचवीस किलोचे पिंप दुकानात फोडले जाते, त्यातून किलो-अर्धा किलोच्या पुड्या बांधल्या जातात आणि पिंपावरील लेबल पिंपावरच राहते. पुडीवर ‘लाल’ किंवा ‘काळा नंबर एक’ एवढेच. रंगाऱ्याच्या हाती रसायन पोहोचते, पण त्याची ओळख मध्येच गळून पडते. ती गळते ती व्यापाऱ्याच्या काट्यावर.

त्या काट्याशी कोण बसलेला असतो, याचाही विचार व्हावा. पुड्या बांधणारा नोकर, त्याच्यावर देखरेख करणारा मालकाचा धाकटा भाऊ, शाळा सुटल्यावर गादीवर येऊन गृहपाठ करणारा मुलगा. पळीभर भुकटी कागदावर पडते तेव्हा तिचा बारीक अंश हवेत तरंगत राहतो, वह्यांवर बसतो, पंख्याच्या पात्यांवर बसतो, शर्टाच्या बाह्यांवर बसून घरी जातो आणि घरच्या इतर कपड्यांबरोबर धुतला जातो. दुकानाच्या मागे किंवा माडीवर घर असण्याची पेठांतील जुनी रीत. तेथे दुकानाची हवा आणि घराची हवा यांत एक पडदाच काय तो असतो. रिॲक्टिव्ह वर्गातील रंग, जे आज सुती मालासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जातात, कर्करोगाच्या दृष्टीने पुष्कळच बरे मानले जातात. परंतु त्यांतील काहींची भुकटी श्वासात गेल्याने दमा जडतो, आणि तो रंग तोलणाऱ्याला अधिक जडतो. एकदा शरीर त्या भुकटीला ‘ओळखू’ लागले की पुढे चिमूटभरही पुरते. दुकानदाराच्या घरातला जुना दमा दरवेळी हवामानाचाच असतो असे नाही.

जैन गृहस्थाला व्यापाराच्या निवडीबाबत शास्त्राने पूर्वीच सावध केले आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, लाक्षावाणिज्यही आहे. आणि आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात लाक्षावाणिज्याचा अर्थ सांगताना लाखेबरोबर मनःशीळ, नीळ, टांकणखार यांचीही गणना केली. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही या पंधरा खरकर्मांची चर्चा येते. रंगाच्या व्यापारावर हा आक्षेप का, तर तो तयार होताना असंख्य सूक्ष्म जीवांची हानी होते म्हणून. आजच्या रंगात कीटक चिरडले जात नाहीत; तो पिंपातून कोरडा येतो, आणि म्हणून पुष्कळांना तो निर्दोष वाटतो. हौदाशी उभा असलेला जीव पंचेंद्रिय आहे, हे मात्र हिशेबात धरलेले दिसत नाही. रंगाचा धंदा सोडावा असा याचा अर्थ नव्हे. कापड रंगल्यावाचून जग राहणार नाही आणि जबाबदार माणसाने सोडलेला धंदा बेजबाबदार माणूस घेतो. पण रात्री दिव्यावर येणाऱ्या पतंगासाठी दिवा झाकणाऱ्या घराने पिंपाचे झाकण उघडे टाकावे, ही विसंगती खटकल्यावाचून राहत नाही.

झटपट मारणाऱ्या विषाची दखल निदान घेतली जाते. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी पुरुषभर उंच वाढली होती, फवारा डोक्यावरून उडत होता, अंगावर साधे पूर्ण कपडे नव्हते. विशेष तपास पथक नेमले गेले, कृषी सेवा केंद्रांची झाडाझडती झाली, दुकानदाराने औषधासोबत काय सांगितले आणि काय नाही याची चौकशी झाली. मृत्यू काही आठवड्यांत एकाच जिल्ह्यात झाले म्हणून हे घडले. तेच मृत्यू वीस वर्षांत, वेगवेगळ्या गल्ल्यांत, वेगवेगळ्या वयांत विखुरले असते तर एकाही वर्तमानपत्रात ओळ आली नसती. रंगखात्यातील मृत्यू या दुसऱ्या प्रकारचे असतात.

भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात महत्त्वाची भर पडली. कामगारांचे आरोग्य आणि सुरक्षितता ही मालकाची जबाबदारी असल्याचे स्पष्ट शब्दांत आले. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांची आरोग्यनोंद ठेवावी, ती कामगारास पाहू द्यावी, रसायनांची माहिती त्याला द्यावी, असे सांगितले गेले. व्यावसायिक आजार आढळल्यास डॉक्टरांनीही सरकारला कळवावे असे कलम तर आधीपासूनच होते. पण कायद्याच्या दाराला उंबरठा आहे. महाराष्ट्राने वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी कामगारांची किमान संख्या दहावरून वीस केली आणि २०२० च्या केंद्रीय संहितेतही वीस हाच आकडा आहे. दोन हौद, एक बॉयलर आणि सहा-सात माणसे असलेल्या शेडला हे दार लागूच होत नाही. राज्य विमा योजनेची मर्यादा दहाची; तेही हुकते. त्या शेडमध्ये जे काही होईल ते मालकाच्या आणि त्याला रंग पुरविणाऱ्या व्यापाऱ्याच्या विवेकावर.

विवेकाला फार मोठ्या भांडवलाची गरज नाही. पहिले पाऊल खरेदीच्या बिलावर आहे. प्रत्येक रंगाला कलर इंडेक्सचा, म्हणजे सी. आय. चा, एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. बाजारी नाव कोणतेही असो, हा क्रमांक बदलत नाही. बेंझिडीनचा काळा रंग ‘डायरेक्ट ब्लॅक ३८’ याच ओळखीने सापडतो. बिलावर हा क्रमांक मागावा आणि तो देण्यास जो कां-कूं करतो त्याचा माल घेऊ नये. सोबत सुरक्षा माहितीपत्रक मागावे. ते देणे नामांकित उत्पादकांना अवघड नाही. पुडी बांधायचीच असेल तर तोच क्रमांक पुडीवर लिहावा. संशयास्पद बेस बाद करून दुसरी छटा किंवा दुसरी पद्धत घेता येते काय, हे रंगाच्या कंपनीच्या तंत्रज्ञाला विचारावे. पुष्कळदा येते, थोड्या अधिक दराने.

त्यानंतर भुकटीचा प्रश्न. भुकटी उडते म्हणून नाकात जाते. न उडणारे दाणेदार आणि पातळ रंग मिळतात. तेही परवडत नसतील तर तोलण्याची जागा वेगळी करून तेथे हवा बाहेर खेचणारा पंखा भिंतीत बसवावा. छताचा पंखा नव्हे. तो भुकटी सर्वत्र पसरवितो. फरशी कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. हातमोजे लांब असावेत आणि फाटताच टाकावेत, कारण फाटक्या मोज्यात शिरलेले रसायन कातडीला चिकटून राहते व उघड्या हातापेक्षा अधिक अपाय करते. हाताला लागलेला रंग ब्लीचिंगने किंवा हायड्रोने काढण्याची रंगखात्यांतील सवय तर तातडीने थांबवावी. रंग जातो, पण त्याबरोबर कातडीचे संरक्षणही जाते आणि दुसऱ्या दिवशीचे रसायन अधिक सहज आत शिरते. मास्क या सर्वांच्या शेवटी येतो. तो स्वस्त दिसतो म्हणून मालक प्रथम तोच आणतात आणि उन्हाळ्यात बॉयलरशेजारी तो कोणी तोंडावर ठेवीत नाही, म्हणून कामगारालाच दोष देऊन मोकळे होतात.

एक लक्षण मात्र रंगशाळेतील प्रत्येकाला, आणि रंगाच्या दुकानातील प्रत्येकाला, तोंडपाठ असावे. लघवीतून रक्त जाणे आणि दुखणे मुळीच नसणे. ते एकदा दिसते आणि पुढे कित्येक आठवडे दिसत नाही. दुखत नाही म्हणून माणूस ‘उष्णता झाली’ म्हणतो, धने-जिऱ्याचे पाणी पितो आणि विसरतो. तेथेच वेळ जातो. पहिल्याच वेळी मूत्रविकारतज्ज्ञाकडे जावे, मूत्रातील पेशींची तपासणी आणि दुर्बिणीने मूत्राशयाची पाहणी करून घ्यावी आणि आपण कोणत्या रंगात किती वर्षे काम केले ते डॉक्टरांनी न विचारताही सांगावे. लवकर सापडलेली गाठ दुर्बिणीतून खरवडून काढता येते; उशीर झाला तर अख्खे मूत्राशय काढावे लागते. ज्यांनी काम सोडले आहे त्यांनाही हे सांगितले पाहिजे, कारण काम सुटल्याने मुदत सुटत नाही.

येथे अडचण येते ती नोंदीची. वीस वर्षांनी तो कामगार तेथे नसतो. शेडचे नाव बदललेले असते, भागीदारी फुटलेली असते, रंगाचा व्यापारी दुसऱ्या पिढीत गेलेला असतो. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके ८ वर्षे जपावी लागतात. लहान पेढ्या त्याहूनही आधी ती रद्दीत घालतात. त्या रद्दीबरोबर कोणी कोणता बेस किती वर्षे हाताळला याचा एकमेव पुरावाही जातो. अमेरिकेत कामगाराची वैद्यकीय नोंद त्याने काम सोडल्यानंतर ३० वर्षे जपण्याचा नियम आहे, आणि तो आकडा या आजाराच्या चालीवरून पाहता मुळीच अतिरेकी नाही. जुन्या पेढ्यांतून आजोबांच्या काळातील वह्या लाल कापडात बांधून आजही ठेवलेल्या आढळतात. कोणी किती देणे लागतो ते त्यांत असते. तशाच एका वहीत पाच रकाने आखता येतात: कामगाराचे नाव, कामावर आल्याची तारीख, रंगाचा सी. आय. क्रमांक, काम सोडल्याची तारीख आणि शेवटच्या मूत्रतपासणीचा दिवस. ही वही कामगाराच्या मुलाने मागितली तर त्याला दाखवावी लागेल, एवढे लक्षात ठेवून ती लिहावी.